नमुना अख्खा आणावा

नमुने घेणाऱ्या कारकुनांची दाढ त्या दुपारी ठणकली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अन्न तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिची जागा आतल्या खोलीत होती, भट्टी आणि काट्याच्या मधोमध. खिडकीवर बसणं तिचं काम नव्हे. पण कारकून गाल धरून दवाखान्यात पळाले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या म्हणाल्या, "दोन तास बस गं तिथे. या वेळेला कुत्रंही फिरकत नाही."

ती बसली.

तिला तिथे सगळे काटेबाई म्हणत. तोंडावर नाही... पण तिला ठाऊक होतं. धान्य असो, दूध असो, पालेभाजी असो, तिच्याकडे आलं की ते आधी वाळायचं, मग चिनीमातीच्या मुशीत बसून भट्टीत जायचं. साडेपाचशे अंशांच्या आचेत सगळं जळून चिमूटभर राख उरायची, आणि त्या राखेवरून ती सांगायची – पोटॅशियम किती, लोह किती, जस्त किती. आठ वर्षांत तिचा एकही आकडा परत आला नव्हता. याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

खिडकीबाहेर एक पाटी होती. 'नमुना अख्खा आणावा. कापलेला, दळलेला वा कुटलेला नमुना घेतला जाणार नाही.' पाटी तिनेच लिहिली होती, टाकाच्या निबने, अक्षर न् अक्षर मोजून.

अडीचच्या सुमाराला एक उंच माणूस त्या पाटीसमोर येऊन थांबला. तिशी-बत्तिशीचा असेल. कॉलरवर गव्हाच्या काडाचा तुकडा चिकटलेला, हातात काचेची बरणी. त्याने पाटी वाचली. मग बरणीकडे पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली.

"अक्षर फार सुंदर आहे," तो म्हणाला.

"मजकूरही वाचा," ती म्हणाली.

"वाचला ना. म्हणूनच अक्षराबद्दल बोलतोय."

बरणीत करड्या रंगाची पूड होती. अळिंबीची. तो शहराबाहेर एका शेडमध्ये अळिंबी पिकवायचा. मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला त्याची अळिंबी हवी होती, खास करून बाळंतिणींच्या विभागासाठी, पण आधी आहारतज्ज्ञांना खनिजांचा अहवाल पाहायचा होता. त्यांची बैठक सोमवारी.

"कुटून का आणलीत?" तिने विचारलं.

"कोणीतरी सांगितलं, तिथे वाळवून कुटावीच लागते. म्हटलं, तुमचं काम तेवढंच हलकं होईल."

"माझं काम हलकं करायला मी कुणाला सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलंत," तो चटकन म्हणाला. "चूक माझी. तोडणी संपलीय, आता नवीन पीक पंधरा-वीस दिवसांनी. बैठक हुकेल... असू द्या." आणि तो खरंच बरणी उचलून निघाला. गयावया नाही, ओळखीपाळखी नाहीत. चार पावलांवर थांबून मात्र वळला. "एक दाखवू का? नुसती बघायला?"

त्याने खिशातून ओला रुमाल काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उलगडला. आत अळिंबीचा शेवटचा छोटा घोस होता. एकावर एक शिंपले रचावेत तसा, कडांना किंचित निळसर झाक, खालच्या बाजूला कागदाच्या घड्यांसारख्या बारीक पाकळ्या.

"ही माझी पहिली तोडणी," तो म्हणाला. बाप लेकीचा निकाल दाखवतो ना, तसा.

"शंभर ग्रॅममधलं नव्वद ग्रॅम पाणी असतं यात," ती म्हणाली.

"म्हणजे मी पाणी विकतो?"

"बरंचसं."

"आणि उरलेले दहा ग्रॅम?"

"ते... तपासल्याशिवाय कसं सांगू?"

तो हसला. हसताना कॉलरवरचा काडाचा तुकडा कट्ट्यावर पडला. आणि काटेबाईंनी, आठ वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पाटीखालून हात बाहेर काढून कुटलेल्या नमुन्याची बरणी आत घेतली.

रुमालातला घोस तो मागेच ठेवून गेला. "भाजी करा," म्हणाला. तिने भाजी केली नाही. तो घोस तिने आपल्या टेबलाच्या खणात, गाळणकागदाच्या घडीत ठेवला. का, ते तिने स्वतःला विचारलंच नाही.

*

निकाल शुक्रवारी आला. पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, सगळं जिथल्या तिथे. आणि लोह? शंभर ग्रॅम सुक्या अळिंबीत एकेचाळीस मिलिग्रॅम!

"एवढं?" मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"तीनदा पाहिलं, बाई. तिन्ही वेळा तेच."

"मग सही करते. तू तीनदा पाहिलंस म्हणजे झालं."

कारकून अजून दवाखान्याच्याच फेऱ्या मारत होते, म्हणून खिडकी तिच्याकडेच होती. अहवाल हातात येताच त्याने तो खिडकीतच उभा राहून वाचला. "एकेचाळीस! चांगलं की वाईट?"

"चांगलं," ती म्हणाली. "फारच चांगलं."

"बघा! आणि तुम्ही म्हणाला होतात, पाणी विकतो."

सोमवारी हॉस्पिटलने होकार दिला. नवीन पीक आलं की पहिली खेप पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, बाळंतिणींच्या विभागाला. हे सांगायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या दिवशी पावती मागायला आला, जी त्याच्याकडे होती. गुरुवारी तर काहीच कारण नव्हतं, सरळ म्हणाला, "रविवारी शेड बघायला याल? आई म्हणते, जिने आपल्या मालात एकेचाळीस शोधलं, तिला चहा तरी पाजायला हवा."

आत मोठ्या बाई फायलीत डोकं घालून होत्या. फाईल उलटी होती.

"येईन," ती म्हणाली.

*

शेडमध्ये शिरताना त्याने तिला रबरी बूट दिले, दोन नंबर मोठे. आत अंधुक गारवा होता. छपराच्या वाशांना दोऱ्या बांधून काडाने भरलेल्या लांबट पिशव्या टांगल्या होत्या आणि प्रत्येक पिशवी आतून पांढऱ्या बुरशीने विणल्यासारखी घट्ट झाली होती.

"सगळ्या एकाच दिवशी भरल्या," तो सांगत होता. "पहिलंच वर्ष ना, कळलं नाही. म्हणून सगळ्या एकदम पिकतात आणि एकदम रिकाम्या. आता बघा, इथे... वाका जरा."

ती वाकली. पिशवीच्या भोकाशी टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके उगवले होते.

"चार-पाच दिवसांत तळहाताएवढ्या होतील," तो तिच्या कानाशी हळू आवाजात म्हणाला.

"हळू का बोलताय? त्यांना ऐकू येतं?"

"त्यांना नाही हो..." तो म्हणाला. मग घाईघाईने भिंतीवरची तोटी फिरवली. वरच्या नळीतून धुक्यासारखा बारीक फवारा सुटला. तिच्या केसांवर, पापण्यांवर, मोठ्या बुटांच्या टोकांवर पाण्याचे कण बसले. तो तोटी बंद करायचं विसरला. तिनेही आठवण केली नाही.

"काड काय देतं, पाणी काय देतं, त्यावर हिचं सगळं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "जे पायाखाली असेल ते उचलते ही. म्हणून मी काड उकळायलाही स्वच्छ भांडं घेतो. स्टीलचं. लोखंडी पिंप स्वस्तात मिळत होतं, पण नाही घेतलं. हिच्यात जे येईल ते हिचंच असलं पाहिजे."

त्या क्षणी तिला तो फार आवडला. पिंप न घेतल्याबद्दल!

बाहेर ओट्यावर त्याच्या आईने चहा मांडला होता. बाई ठेंगणी, हसरी, बोलायला फटाकडी. "अगं ये, बस. किती वाळकी तू! आकडे खाऊन राहतेस की काय?"

"आई..."

"तू गप रे. हे बघ मुली, त्या एकेचाळीसात माझाही वाटा आहे हं. सगळी पूड मीच कुटली. मिक्सर नको म्हटलं, त्यात पूड गरम होते. या माझ्या खलबत्त्यात, दोन दिवस! दंड भरून आले." आणि अभिमानाने तिने खिडकीतून खलबत्ता उचलून ओट्यावर ठेवला.

लोखंडी होता. आतून तपकिरी-काळा, तळाशी बत्त्याच्या घावांनी खरवडून चकाकत असलेला.

तिने बोट आत फिरवलं. नाकाशी नेलं. तो लोखंडाचा वास तिच्या ओळखीचा होता... तिने चहाचा कप खाली ठेवला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा गरम आहे."

चहा कोमट होता. हे त्यालाही ठाऊक होतं.

*

सोमवारी सकाळी न्याहारीच्या वेळी तिने बाबांना विचारलं. बाबा चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचे. त्यांच्या हाताला चूक ठाऊक नाही, अशी त्यांची ख्याती.

"बाबा, तुमचं कधीच चुकलं नाही?"

"एकदा," बाबा म्हणाले. "दोन पुड्यांची अदलाबदल झाली. गिऱ्हाईक गेल्यावर ध्यानात आलं. सायकल काढली, पत्ता शोधला, घामाघूम होऊन दार ठोठावलं. पुडी परत घेतली."

"लाज वाटली असेल."

"जाताना वाटली. येताना नाही. खरं सांगू? येताना मी अशी ताठ मान करून सायकल चालवली..."

"पुडी मी उघडलीच नव्हती!" आतून आईचा आवाज आला. "उगाच धावत आले. तोंड बघायचं निमित्त!"

बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

ती मात्र हसली नाही. तिला एवढंच दिसत होतं: शनिवारी पहिली खेप. रक्त कमी असलेल्या बायकांना एकेचाळीसाच्या भरवशावर अळिंबी वाढणार. आकडा खोटा निघाला तर त्यांच्या ताटातलं लोह खोटं. आणि तो खोटा आहे हे तिने सांगितलं, तर त्याचं हॉस्पिटल गेलं, त्याच्या आईचा आनंद गेला, आणि आठ वर्षांचं तिचं नाव गेलं. आणि तो... तोही गेलाच.

पण अंदाजाने अहवाल रद्द होत नाही. नमुना हवा, अख्खा, लोखंड न लागलेला. शेडमध्ये तर नुसत्या टाचण्या.

प्रयोगशाळेत जाऊन तिने खण उघडला.

गाळणकागदात घोस सुकून हलका झाला होता. कडांची निळी झाक गेली होती. पाकळी मात्र एकही मोडली नव्हती. काट्यावर ठेवला... सहा ग्रॅम आणि वर थोडं. मोजून तीन मुशींपुरता. उरणार काही नाही.

"हा कुठला नमुना?" मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. "पावती दिसत नाही."

"माझा स्वतःचा आहे, बाई."

"अळिंबी? खणात? किती दिवस?"

"दोन आठवडे होतील."

"आम्ही आपली वहीत फुलं ठेवायचो," मोठ्या बाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. "सगळा जाळणार?"

"तीनदा पाहावं लागतं."

तिने काचेच्या दांड्याने घोस मोडला, तीन मुशींत वाटला आणि भट्टीचं दार लावलं. मग भट्टीकडे पाठ करून उभी राहिली. हे तिने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. बारा. पावणेबारा. सव्वाबारा.

तिने जुना अहवाल रद्द केल्याचा कागद स्वतः लिहिला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: 'लोखंडी खलबत्त्यात कुटलेला नमुना मी नियम मोडून स्वीकारला.' मोठ्या बाईंनी वाचला, सही केली, आणि कागद परत देताना सोडलाच नाही.

"आठ वर्षांतला पहिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मान खाली नाही तुझी."

"खाली घालायची का, बाई?"

"मुळीच नको," मोठ्या बाई म्हणाल्या आणि कागद सोडला. "जा. बस चुकेल."

*

तो शेडसमोर बसून पाटी रंगवत होता. 'लोहाने भरपूर' एवढं झालं होतं. पुढच्या अक्षरासाठी कुंचला वर धरलेला.

"या!" तो उठला. "तुमच्यासारखं अक्षर येत नाही हो. बघा ना, 'भ' कसा झोपलाय..."

"पुढे रंगवू नका," ती म्हणाली.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकेचाळीस नव्हे, बारा. बाकीचं लोह खलबत्त्याचं. सांगताना आवाज हलला नाही. पर्सच्या पट्ट्याभोवती बोटं मात्र पांढरी पडली होती.

कुंचल्यातून रंगाचा थेंब मातीत पडला. मग दुसरा.

"म्हणजे आईमुळे..."

"नाही. आईंना नियम ठाऊक नव्हता. मला होता. मीच लिहिलाय तो."

"मग का घेतलीत बरणी?" त्याचा आवाज चढला. "परत चाललो होतो ना मी? जाऊ द्यायचं! हॉस्पिटलला सांगितलं, गावभर सांगितलं... तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ म्हणतात सगळे. का घेतलीत?"

तिने पर्सचा पट्टा सोडला.

"तुम्ही म्हणालात, अक्षर सुंदर आहे," ती अखेर म्हणाली.

त्याने अर्धवट पाटीवरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"दुसरा नमुना कुठून आणलात?" त्याने जरा वेळाने विचारलं. आवाज आता खाली आला होता. "पीक तर अजून पिशवीत आहे."

"रुमालातला."

"तो? त्याची भाजी नाही केलीत?"

"नाही."

"मग इतके दिवस तो..."

"खणात होता. गाळणकागदात."

"आणि आता?"

"आता राख आहे," ती म्हणाली, आणि एवढा वेळ ताठ राहिलेला तिचा आवाज पहिल्यांदा मोडला. "तीन मुशींत. सगळाच लागला."

तो तिच्याकडे पाहत राहिला. कुंचला केव्हा खाली पडला ते त्याला कळलंच नाही.

दारातून आईचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे माझा खलबत्ता खोटं बोलला?"

"आई, खलबत्ता चांगलाच आहे, पण..." ती आईकडे वळून म्हणाली.

"अगं, चांगला म्हणजे काय! इतकी वर्षं मिरी-जिरं कुटून याला घालतेय. फुकटात लोह दिलं की त्याने!" आई म्हणाली. डोळे मात्र तिने पदराला पुसले. मग मुलाकडे वळून म्हणाली, "बघतोस काय? सदरा बदल. हॉस्पिटलला हा कागद तू स्वतः नेऊन दे. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. त्याने पाटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. "खोट्या एकेचाळीसावर मी एक पाकीटही विकणार नाही. बारा तर बारा. पण ते माझ्या अळिंबीचे आहेत."

तो हे बोलला तेव्हा तिची मान आणखी ताठ झाली. या वेळी स्वतःसाठी नव्हे.

*

मग दहा दिवस तो आला नाही.

कारकुनांची दाढ बरी झाली होती. ते खिडकीवर बसत, ती आतल्या खोलीत. कुणी पाटीसमोर थांबलं की तिचा कान तिकडे जाई, आणि मग ती स्वतःवरच रागवून काट्यातली वजनं पुन्हा पुसत बसे.

अकराव्या दिवशी कारकून आत डोकावले. "काटेबा... अहो बाई, एकजण आलेत. म्हणतात, नमुना तुमच्याच हातात देणार. आणि मोठ्या बाई मला चहाला चला म्हणतायत. सकाळचे साडेदहा वाजलेत!"

खिडकीपलीकडे तो उभा होता. कॉलर झटकून आला असावा. काड या वेळी केसांत होतं.

"बाळंतिणींचा विभाग गेला," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, बारावर त्यांचं भागणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. निघालो. तर त्यांनी तुमचा अहवाल परत उघडला आणि सोडियमच्या ओळीवर बोट ठेवलं. हृदयविकाराचे रोगी आहेत ना, ज्यांना मीठ कमी? बेचव जेवून कंटाळतात म्हणे. अळिंबीला मीठ नसतानाही चव असते. किडनीवाल्यांना नाही द्यायची, पोटॅशियम जास्त म्हणून. पण बाकीच्यांना... निम्मी घेतात. आजपासून."

"निम्मी," ती म्हणाली.

"खरी निम्मी." त्याने खिशातून छापील पाकीट काढून काचेला चिकटवून धरलं. सगळी खनिजं ओळीने, तिच्या अहवालात होती तशी. लोहासमोर बारा. "त्या बाई काय म्हणाल्या माहितेय? स्वतःचा आकडा खाली आणायला स्वतः आलेला माणूस पहिल्यांदा बघितला. मी म्हटलं, मला तसं करणारी एक आधीच भेटलीय."

तिने पाकिटावरची खनिजं वरून खालपर्यंत वाचली.

"नमुना आणलाय म्हणालात," ती खाली पाहत म्हणाली.

"आणलाय." त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "अख्खा. कापलेला नाही, कुटलेला नाही. काही लपवलेलं नाही."

तिने मान वर केली. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"कुठाय?"

"हा काय. तुमच्यासमोर उभा आहे."

आत कुठेतरी चहाचा कप बशीवर जोरात वाजला.

तिने अर्ज पुढे ओढला. टाक शाईत बुडवला. कान लाल झाले होते, पण अक्षर नेहमीसारखंच येत होतं.

"निकालाला वेळ लागेल," ती म्हणाली. "मी तीनदा पाहते."

"तीनशेदा पाहा. घाई नाही. फक्त एक..."

"काय?"

"जाळू नका."

ती हसली... आठ वर्षांत त्या प्रयोगशाळेत कुणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तो कट्ट्यावर वाकला, तेव्हा काचेखालून हात बाहेर काढून तिने त्याच्या केसांतलं काड अलगद उचललं, गाळणकागदाच्या घडीत ठेवलं आणि ती घडी आपल्या खणात.

"हे मात्र," ती म्हणाली, "कधीच नाही."